सौदीला लावलेला फोन
कपाट आवरताना देशोदेशीच्या कोडची पिवळी पडलेली यादी सापडली आणि ब्रह्मपुरीच्या बसस्टँडजवळचा माझा फोनबूथ आठवला. उन्हानं काच तापली, की आत रबर जळल्यासारखा वास यायचा. अशाच एका दुपारी लाकडाचा तो व्यापारी धापा टाकत आला. ‘बूथवर बसणारी पोरगी सून नको,’ म्हणत दोन वर्षांपूर्वी त्यानं त्याच्या मुलाशी ठरलेली माझी सोयरीक भर बैठकीत मोडली होती. आता त्याची बायको दवाखान्यात अत्यवस्थ होती आणि सौदीतल्या त्याच मुलाला बोलवायचं होतं. तो चिठ्ठीवरचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवत होता, पण फोन लागेना. बाहेरून सौदीला लावताना शहराच्या कोडाआधीचं शून्य गाळावं लागतं, इटलीला लावताना मात्र ठेवावं लागतं; हे सगळं मला पाठ होतं. तरी ते न सांगता मी पावत्या जुळवत राहिले. “बाई, तुमीच लावून द्या ना,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “सोयरीक काऊन मोडली, ते आधी या लोकायले सांगा,” मी म्हटलं. रांगेतले सगळे बघू लागले. “पोरीत खोट नवती,” तो मान खाली घालून म्हणाला, “मलेच घमेंड होती.” मग मी नंबर लावून दिला. मुलाची आणि आईची भेट झाली, असं पुढे कानावर आलं. झाली नसती तर मला काय वाटलं असतं, हे मी आजही स्वतःला विचारत नाही.