पन्ह्यातला बर्फ

हे माझ्या नवऱ्यालाही कधी कळलं नाही. तो गेला, न कळताच गेला. मग तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही. सांगते, झालं.

नव्वदच्या दशकात आम्ही लखनऊला, इंदिरा नगरात राहायचो. मी एका संशोधन संस्थेत जंतूंवर काम करायचे. माझा जंतू अगदी साधा — ई. कोलाय. तुमच्या-माझ्या आतड्यात गुण्यागोविंदानं नांदणारा. पण त्याच्याच कुळातले काही विष घेऊन येतात. मैल्यातून पाण्यात, पाण्यातून पोटात. मग रक्ताची हगवण. लहान मूल असेल तर कधी कधी मूत्रपिंडंच बंद पडतात. हे सगळं मी कॉलनीतल्या मराठी बायकांना येता-जाता ऐकवायचे. पाणी उकळा, हात धुवा, कापलेली फळं आणू नका. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. "आल्या बाई जंतूबाई," म्हणायच्या त्या पाठीमागे. मला ते आवडायचं.

त्या वर्षी चैत्रातलं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. शेजारची वैशाली — नवरा बँकेत, मुलगी मिनू चार वर्षांची — कैरीची डाळ करून घेऊन आली. पन्हं माझं. पाणी उकळलेलं होतं, हो! पण सकाळपासून बत्ती गुल, फ्रिज बंद, पन्हं कोमट. बायकांना कोमट पन्हं देऊन नाव कोण घालवून घेणार? नाक्यावरच्या भैयाकडून बर्फाची लादी मागवली. मळक्या गोणपाटात गुंडाळलेली. नळाखाली धरली, फोडली, पातेल्यात टाकली. मीच. आंबट आहे, जंतू कुठले टिकतायत — असं मनाशी म्हटलंसुद्धा.

पुढच्या दिवसांत बऱ्याच जणींची पोटं बिघडली. मिनूला रक्त पडायला लागलं. मग लघवी थांबली, तोंड सुजलं. मोठ्या इस्पितळात नेली. ती परत आली नाही.

कॉलनीनं ठरवून टाकलं — डाळ बाधली. भिजवलेली, कच्ची वाटलेली, उन्हाळ्याचे दिवस. माझ्या पन्ह्याचं नावही कुणी काढलं नाही. जंतूबाईंचं पन्हं ते!

उरलेलं पन्हं मी प्रयोगशाळेत नेलं होतं — मिनू इस्पितळात असतानाच. बशीवर वाढवलं. हिरवट, चकाकणारे ठिपके आले. ओळखीचे — माझ्याच ई. कोलायचे. म्हणजे त्यात मैला उतरला होता. विषारी कुळातलाच होता का? ते पुढं तपासता आलं असतं. मी तपासलं नाही. इस्पितळात कुणाला सांगितलंही नाही. का? नाव जाईल म्हणून. एवढंच कारण, दुसरं काही नाही. बशा वाफेच्या यंत्रात घातल्या, आतलं सगळं मारलं, घरी आले आणि कणीक मळायला घेतली.

मग वैशाली आली. दारातच बसली. "ताई, तुम्हाला यातलं कळतं. खरं सांगा हो — माझ्याच डाळीनं गेली का माझी मिनू?"

मी म्हटलं, "उन्हाळ्यात होतं गं असं. तू काय मुद्दाम केलंस?"

आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. 

ती आता नागपूरला असते. पाडव्याला अजून फोन करते. कैरीची डाळ तिनं पुन्हा केली नाही. दुसऱ्याच्या घरी काही करून नेत नाही. "ताई, सगळ्यांनी बोल लावला, तुम्ही तेवढं सांभाळून घेतलंत," म्हणते. मी ऐकून घेते. वाटत काही नाही आता. फोन ठेवते, गॅस पेटवते.

एक राहिलं. मिनूनं ती डाळ खाल्लीच नव्हती. जिभेला लावली, "तीखा है" म्हणाली आणि माझ्या तळहातावर थुंकली. वैशाली आतल्या खोलीत बायकांना कुंकू लावत होती, तिनं पाहिलं नाही. तोंड भाजलं असेल पोरीचं, म्हणून पन्ह्याचा पेला मीच तिच्या ओठांना लावला.