शिंपल्यांचा रस्ता

माझा भाऊ ओबेद डाईझ हा आमच्या गावातला सगळ्यात सरळ माणूस, आणि त्याचं वाटोळं मी केलं. हे आधीच सांगून टाकते, उगाच मला सावरून घ्यायला कोणी येऊ नये.

मेरीलँडच्या या काठावर आमचे पूर्वज आले ते तंबाखू लावायला. तंबाखूने जमिनीचा कस खाल्ला, तसे ते खाडीत उतरले. तेव्हापासून चेसापीक खाडीतल्या कालवांवरच आमची पोटं. लांब दांड्याच्या चिमट्यांनी कालवं काढायची, गर विकायचा आणि वसंतात शिंपले होडीत भरून परत खाडीत टाकायचे. कालवाचं पिल्लू जुन्या शिंपल्याला धरूनच वाढतं; चिखलात पडलं की गुदमरतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

शिंपले टाकायचं काम गावाने ओबेदवर सोपवलं होतं. एका वर्षी मी त्याच्या मागे लागले. "चर्चपर्यंत नुसता चिखलाचा राडा आहे. शिंपले पसरून रस्ता कर की."

"हेस्टर, ते खाडीचे आहेत."

"खाडी काय मोजत बसलीय? एक वर्ष नाही टाकले तर काय बिघडतंय?"

गावातल्या बायकांनाही मी चिथवलं. बिचारा किती जणींच्या तोंडी लागणार? रस्ता झाला, पांढराशुभ्र. मग धक्क्यापर्यंत हवा झाला, मग शाळेपर्यंत. एका वर्षाची सहा वर्षं झाली, आणि चिमट्यात चिखल यायला लागला.

ओबेदने कुदळ घेऊन रस्ता उकरला. पण गाड्यांच्या चाकांखाली शिंपल्यांचं पीठ झालं होतं. खाडीत टाकलं ते भरतीबरोबर वाहून गेलं.

बायको गेल्यापासून त्याला एकुलता एक लेविनच होता. पोरगा होडीवर तरबेज, पण बसून किती दिवस खाणार? एका सकाळी तो बाल्टिमोरच्या पोलाद कारखान्यात जायला निघाला. दारात थांबून म्हणाला, "बाबा, दोन-तीन वर्षांत कालवं परत येतील, एवढं फक्त म्हणा. मी राहतो."

ओबेद खाडीबद्दल आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. त्याने मान खाली घातली. लेविन गाठोडं उचलून निघून गेला.

मी तिथेच चुलीपाशी उभी होते. मी धडधडीत खोटं बोलले असते. मला कोणी विचारलं नाही.