उपदेशकाचा तिसरा अध्याय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा याला वळसा घालून जातो. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

आष्ट्यात आमची छोटी ख्रिस्ती मंडळी आहे. रविवारी उपासनेनंतर मी बायबलचा वर्ग घ्यायचो. अवघड पुस्तकं माझ्याकडे — ईयोब, उपदेशक. उपदेशकाच्या तिसऱ्या अध्यायात लेखक म्हणतो, सगळ्याला वेळ असते; जीव घेण्यालाही. ती आज्ञा नाही. माणसाच्या जगण्यात काय काय घडतं एवढंच तो सांगतो, आणि वेळ माणसाच्या हातात नसते, हेही. हा अर्थ मला पक्का ठाऊक होता. म्हणूनच तर —

थांबा. आधी आनंदा नावाच्या माणसाचं सांगतो. आमचा शेजारी. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यानं भर बाजारात माझ्या कानाखाली वाजवली. मी दुसरा गाल पुढे केला. लोकांनी पाहिलं, मंडळीत कौतुक झालं. आत काय चाललं होतं, सांगू? त्याचं डोकं धोंड्यावर आपटताना मी रोज बघत होतो. जेवताना. वचन वाचताना.

माझा मेहुणा दाविद ऊसतोडीला जायचा. अक्षर लावून लावून वाचायचा. माझा शब्द त्याला शेवटचा. मला मारलेलं त्याला सोसलं नव्हतं. एकदा वर्ग संपल्यावर तो मागं राहिला.

"आवं दाजी, मारायची बी येळ असती, असं लिवलंय न्हवं? मग ती कवा येती?"

कुणाबद्दल विचारतोय, मला कळलं नसेल? लगेच कळलं. एका वाक्यात थांबवता आलं असतं. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "आली की माणसाला कळतं, दाविद."

दुसऱ्या दिवशी सकाळी उसाच्या फडाच्या कडेला त्यानं आनंदावर कोयता चालवला. मानेवर, खांद्यावर, आडव्या धरलेल्या हातावर. ओरडा ऐकून मी धावलो. सरीतलं पाणी लाल झालं होतं. आनंदा संपला होता. त्याची बायको चिखलातून त्याची तुटलेली बोटं पदरात गोळा करत होती. आणि मला — सांगून टाकतो — मला आधी बरं वाटलं. लोकांना हाका मागाहून मारल्या.

पुढच्याच रविवारी मी त्या अध्यायाचा खरा अर्थ सांगितला. अगदी नीट, सावकाश. बायका रडल्या. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. नंतर कोर्टात दाविदनं माझं नाव घेतलं नाही, आणि मी बाकावरून उठलो नाही. त्याला जन्मठेप झाली.

यंदा त्याला तुरुंगात भेटायला गेलो. केस पार पांढरे. पलीकडून जाळीजवळ तोंड आणलं. मग हळूच म्हणाला, "दाजी, ती येळ न्हवती व्हय? मलाच वळखाया आली न्हाई?"

मी काय म्हणालो?

"व्हय," म्हणालो.

"चुकलंच माजं," तो म्हणाला. माझी माफी मागितली, आणि आत गेला.