बघूसाहेबांची फायरवॉल

रुग्णालयातलं इंटरनेट सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे बघूसाहेब म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं पहिलं उत्तर ‘बघू’ असे. साध्या चपला घ्यायच्या तरी ते दुकानदाराला घाम फोडत. लग्नाला मात्र त्यांनी पटकन होकार दिला होता. तो त्यांच्या आईने परस्पर कळवला होता, असं बायको सांगे.

अशा माणसावर नवी यंत्रं निवडायची वेळ आली. बाहेरच्या घुसखोरांना अडवणारी जुनी फायरवॉल एकटीच होती. तिने मान टाकली की सगळा कारभार ठप्प. आता दोन घ्यायच्या होत्या. काम दोघींत वाटायचं आणि एक बंद पडली तर दुसरीने सावरायचं. शिवाय गर्दीच्या वेळी एक्स-रे आधी आणि करमणूक मागून, अशी शिस्त लावणारं यंत्रही हवं होतं.

दोन विक्रेत्यांची यंत्रं कागदावर सारखीच गुणी निघाली. बघूसाहेबांनी दोन्ही संच चाचणीसाठी मागून घेतले आणि थेट घरी आणले.

“या यंत्रांच्या पंख्यांचा आवाज कधी थांबणार?” बायकोने विचारलं.

“थोडेच दिवस.”

“चपलांच्या वेळीही हेच म्हणाला होतात.”

रविवारी दुपारी पहिला संच जोडलेला असताना ती बहिणीशी व्हिडिओवर बोलत बसली. आतून मुलगी कुरकुरली, “बाबा, माझा सिनेमा अडकतोय.” म्हणजे बोलणं आधी आणि सिनेमा मागून, ही शिस्त जमली होती. मग बघूसाहेबांनी हळूच एका फायरवॉलची वायर उपसली. पडद्यावर बहीण तोंड उघडं ठेवून गोठली.

“अहो, ती घर विकायचं सांगत होती,” बायको शांतपणे म्हणाली. या शांतपणाला ते लग्नापासून घाबरून होते. त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं.

“मग दुसरा संच लावा,” ती म्हणाली, “आणि वायर कधी काढणार ते मला सांगू नका.”

या वेळी वायर निघाली, तरी दोघी बहिणी बोलतच राहिल्या. खात्रीसाठी त्यांनी ती जोडून दुसरी काढली. गप्पा जावेवरून नणंदेवर गेल्या, पण तुटल्या नाहीत.

सोमवारी संचालकांनी विचारलं, “हाच संच कशावरून?”

“भरपूर भार टाकून पाहिला,” बघूसाहेब म्हणाले.

यंत्रं बसली. डॉक्टरांना एक्स-रे झटपट दिसू लागले. हिशेब खात्यातली गाणी तेवढी दुपारी अडखळतात. तिथले लोक तक्रार घेऊन आले की बघूसाहेब त्यांना खुर्ची देतात, मन लावून ऐकून घेतात आणि म्हणतात, “बघू.”