मांजरीचा श्रावण

आमच्या मांजरीनं श्रावणाच्या पहिल्याच दिवशी खाणं सोडलं. आदल्या दिवशी गटारी होती. सासूबाईंनी खाडीतली बोय मासळी तळली होती, घरानं महिनाभराची भूक आगाऊ भागवून घेतली होती आणि ताटातले काटे मांजरीच्या वाटीत गेले होते. सकाळी तिला दूधभात दिला. तिनं वास घेतला, मान फिरवली आणि कपाटाखाली जाऊन बसली.

"बघ, मुक्या जिवाला कळतं," सासूबाई मला म्हणाल्या. "माणसांना सांगावं लागतं."

माणसं म्हणजे मी. मागच्या श्रावणात मी बोईसर स्टेशनबाहेर आम्लेट खाल्लं होतं, हे त्या विसरलेल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली. आमच्याकडे बहुतेक कारखान्यात नोकरी करणारी कुटुंबं, कोणी जळगावचं, कोणी साताऱ्याचं. पाण्याच्या टाकीवरून त्यांचं कधी एकमत झालं नाही, मांजरीच्या भक्तीवरून लगेच झालं. वरच्या मजल्यावरचे भजनवाले काका खाली आले आणि त्यांनी कपाटासमोर वाकून हात जोडले.

"वहिनी, मागल्या जन्मीचं काहीतरी आहे."

"मला वाटलंच होतं," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मांजरीपुढे झेंडूचं फूल आणि साबुदाण्याची खिचडी आली. तिनं दोन्हींकडे पाहिलं नाही. पाण्यालाही तोंड लावेना, तेव्हा तिचा उपवास निर्जळी ठरला.

दांडीहून सुकी मासळी विकायला येणारी मावशी जिन्यात टेकली होती. श्रावणात आमच्या इमारतीत तिची टोपली उघडत नाही, पण दम खायला ती थांबते. "मांजर उपास करते," ती म्हणाली, "तं मी पन टोपली टाकून टाळ घेते. आता धंद्यात काय राम नाय."

तोवर मांजरीचे डोळे खोल गेले होते आणि तोंडातून लाळ गळत होती. तिला पालघरला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं मी ठरवलं.

"व्रत मोडेल तिचं," सासूबाई म्हणाल्या.

"नाही मोडलं तर ती मरेल," मी म्हटलं आणि तिला झाकणाच्या टोपलीत घालून निघाले.

डॉक्टरांनी तिचा जबडा उघडला आणि टाळूत आडवा रुतलेला काटा चिमट्यानं ओढून काढला.

"कधीपासून खात नाही?"

"श्रावण लागल्यापासून."

"म्हणजे गटारीपासून," ते म्हणाले. "या आठवड्यात ही पहिली नाही." मग त्यांनी बजावलं, की उपाशी मांजरीचं यकृत फार लवकर बिघडतं. आजच काहीतरी पोटात जायला हवं. मऊ, कोमट, वास येणारं. मासा उत्तम.

घरी येऊन मी कागदावरचा काटा सासूबाईंपुढे ठेवला. बोईचा काटा कोणता, हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यांनी तो उचलून उजेडात धरला. मग जिन्यात जाऊन, परतताना पुन्हा टेकलेल्या मावशीला म्हणाल्या, "चार बोंबील काढ. औषधाला पाहिजेत."

"मांजरीच्या का तुमच्या?" मावशीनं विचारलं आणि टोपली उघडली.

बोंबील गॅलरीत, जुन्या स्टोव्हवर उकडले. कारखान्यांकडून डोळे चुरचुरवणारा वास येतो तेव्हा आमची इमारत मुकाट खिडक्या लावून घेते. बोंबलाच्या वासाची मात्र सोसायटीकडे तक्रार करते. त्या दिवशी एकही खिडकी लागली नाही, तक्रारही गेली नाही.

"वहिनी, काय शिजतंय?" वरच्या गॅलरीतून काका.

"मांजरीचं पारणं."

"असं होय." काका आत गेले नाहीत. खाली मांजर बशीशी आली, तिनं वास घेतला आणि ती खायला लागली. तिची बशी चाटून होईपर्यंत ते कठड्याला टेकून, नाकानं लांब श्वास घेत उभे होते.