समुद्रावरची चिमणी

सोनारीत काळभैरवाच्या देवळापुढं उत्तरेश्वरनं तीस वर्षं जावळाचे फोटो काढले. न्हाव्यापुढं पोरानं भोकाड पसरलं, की हा कॅमेऱ्यामागून ओरडायचा, "चिमणी आली, चिमणी आली!" पोर दचकून वर बघायचं, हा खटका दाबायचा, काम फत्ते! चिमणी काही कधी आली नाही. पण तोवर पोर आईच्या कडेवर बसून आपल्या गावी निघालेलं असायचं. जाब विचारायला कोण येतंय!

यंदा पुण्यातल्या मुलानं, श्रीनाथनं, त्याला क्रूझवर नेलं. मुंबई ते गोवा. सोबत सून निकिता आणि अडीच वर्षांची जुळी, अमृत आणि पौर्णिमा. बायको विठाबाई मात्र आली नाही. जी बाई विहिरीत वाकून बघत नाही, ती समुद्रात कसली जातेय! तिनं एकच मागितलं. "रविवारी पोरांचं जावळ हाय. मग ते केस कुठले दिसायला? केसांत वारं भरलेलं अन् दोघांची तोंडं हसरी, असा एक फोटो आणा. मला दुसरं काय बी नगं."

"हात्तिच्या! आयुष्यभर दुसरं काय केलं म्या?" उत्तरेश्वर म्हणाला.

जहाजावर सगळं स्वप्नासारखंच होतं. सकाळी आभाळ आणि पाणी एकाच रंगाचं झालेलं, जहाज चाललंय का थांबलंय तेही कळेना. त्या उजेडात पोरांचं जावळ भुरभुरत होतं. बघताना आजोबाचा ऊर भरून आला. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीनं ओरडला, "चिमणी आली!"

दोघांनी वर बघितलं, नेमकं तेव्हाच जहाज डुललं आणि फोटो हुकला. आणि ही पोरं थोडीच गावी जाणार होती! "आबा, चिमणी कुठंय?" जेवताना तेच, झोपताना तेच. शेवटी वैतागून तो म्हणाला, "येईल रे, पाण्यावरनं येईल."

झालं! दोघं दिवसभर कठड्याच्या काचेला नाक लावून बसली, आजोबाकडं पाठ करून. त्यानं हाका मारल्या, माकडासारख्या उड्या मारल्या, पण पोरं ढिम्म. "आबा, आता तुमच्यावर त्यांचा भरवसा राहिला नाही," निकिता हसत म्हणाली. त्याला ते फार लागलं. गोव्याचा किनारा दिसायला लागला, तेव्हा हात टेकून त्यानं पाठमोराच फोटो काढला.

घरी विठाबाईनं तो फोटो हातात घेतला. केस वाऱ्यावर उडालेले, दोन चिमुकल्या माना पाण्याकडं ताणलेल्या.

"तोंडं न्हाय मिळाली," उत्तरेश्वर मान खाली घालून म्हणाला. "पोरांपुढं लबाड ठरलो बघ."

"बघत काय हुती ती?"

"चिमणी. पाण्यावरनं येईल म्हणलं हुतं म्या, तर दिसभर काचेपुढनं हलली न्हाईत."

विठाबाईनं फोटोतल्या त्या दोन मानांवरून बोट फिरवलं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अहो, लबाड वाटला असता तर उठून गेली असती की. दिसभर बसली हुती. तुमच्या शब्दावर इतकं म्या बी कधी बसले न्हाय."