झटका मांगंच समजते

लाखनीच्या हायवेवरच्या त्या मेकॅनिकला मी कधी खुर्चीत टेकलेलं पाहिलं नाही. चहासुद्धा उभ्यानेच घेतो आणि अर्धा विसरतो. माझी ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना झटके द्यायची, म्हणून त्याच्याकडे नेली. त्याने मलाच चालवायला लावली आणि स्वतः मागच्या सीटवर डोळे मिटून बसला.

"तुमी चालवा जी. झटका मांगंच समजते."

प्रत्येक झटक्याला त्याचा गुडघा उडत होता. मग त्याने लॅपटॉप जोडून गिअर बदलतानाचा इंजिनचा जोर कमी केला. गाडी एकदम मक्खन झाली. मी खूश. तो मात्र किल्ली खुळखुळवत रस्त्याकडे बघत राहिला.

चौथ्या दिवशी सकाळीच लॅपटॉप घेऊन माझ्या दारात हजर.

"काल तुमी ट्रकले ओव्हरटेक करून राह्यले होते. दुकानातून पाह्यलं मी. गाडी मधातच ढिली पडली ना?"

पडली होती. समोरून बस येत होती. मी घरात कोणाला बोललो नव्हतो.

"जोर जास्तच कापला मी. थोडा झटका राहू द्या जी."

त्याने लॅपटॉप जोडून थोडा जोर परत वाढवला. आता ओव्हरटेक करताना तो हलका झटका बसला, की मी आरशात मागची सीट बघतो.